वर्षाची यादी हयातांची असावी

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जॅझच्या दोन ध्वनिमुद्रिका आल्या. दोन्हींत चार-चारच वादक आहेत. दोन्ही छोट्या बारमध्ये, समोर बसलेल्या श्रोत्यांच्या साक्षीने मुद्रित झालेल्या आहेत, दोन्हींत एखादी रचना वीस मिनिटांच्या पुढे जाते, आणि ज्या जागांमध्ये हे वादन झाले त्या दोन्ही जागा आता बंद झाल्या आहेत. पहिली ध्वनिमुद्रिका पियानोवादक मकॉय टायनर आणि सॅक्सोफोनवादक जो हेंडरसन यांची, ‘फोर्सेस ऑफ नेचर’. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या स्लग्ज या बारमध्ये १९६६ साली टिपलेली. दुसरी गिटारवादक जेफ पार्कर यांच्या चौकडीची, ‘द वे आउट ऑफ ईझी’. लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागातल्या ईटीए नावाच्या बारमध्ये २ जानेवारी २०२३ च्या रात्री टिपलेली. दोन्हींच्या मध्ये सत्तावन्न वर्षांच्या आसपासचे अंतर आहे. दुकानाच्या फळीवर मात्र त्या शेजारीशेजारी लागल्या, आणि दोन्ही नव्या म्हणूनच लागल्या.

ठाण्यात आम्ही आठ जण दर डिसेंबरात एका मित्राच्या घरी जमतो. प्रत्येकाने त्या वर्षात आवडलेली जॅझची एक नवी ध्वनिमुद्रिका आणायची, तिची एक बाजू सर्वांनी मिळून ऐकायची आणि ती का आवडली हे आणणाऱ्याने सांगायचे, एवढाच आमचा शिरस्ता. गेल्या महिन्यात आठांपैकी पाच जणांनी जे आणले ते वादन त्यांच्या स्वतःच्या जन्माआधीचे होते. मी स्वतः स्लग्जची ध्वनिमुद्रिका घेऊन गेलो होतो. एक विशी-बाविशीचा मुलगा यंदा पहिल्यांदाच आला होता. तो गिटार वाजवतो. पाचवी तबकडी संपल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, हे सगळं थोरच आहे, पण यातलं या वर्षीचं काय?” त्याच्या पिशवीत पार्कर यांची ध्वनिमुद्रिका होती. ती लागेपर्यंत साडेदहा वाजून गेले होते, दोघे जण चपला घालून दारात उभे होते आणि बाकीच्यांचे कान थकलेले होते. त्या मुलाच्या प्रश्नाला त्या रात्री मी नीट उत्तर दिले नाही. ते इथे द्यायचे आहे.

वर्षातले आवडते नवे जॅझ अल्बम कोणते, असे आपण जेव्हा विचारतो, सांगतो किंवा छापतो, तेव्हा त्या यादीत आज हयात असलेल्या आणि आज वाजवत असलेल्या कलावंतांचेच काम असावे, आणि पेटाऱ्यातून बाहेर आलेल्या फितींसाठी वेगळी यादी, वेगळा मान आणि वेगळे निकष असावेत, असे माझे ठाम मत आहे. काही जाणत्या मंडळींनी हे पथ्य फार पूर्वीपासून पाळले आहे. समीक्षक फ्रान्सिस डेव्हिस यांनी २००६ साली सुरू केलेल्या वार्षिक मतमोजणीत जुन्या ध्वनिमुद्रणांचा रकाना निराळा असतो. ‘डाउनबीट’ मासिकाच्या कौलातही ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची गणना स्वतंत्र होते. परंतु या शिस्तीच्या बाहेर, म्हणजे बहुतेक वाचक आणि श्रोते जिथे असतात तिथे, दोन्ही प्रवाह सर्रास मिसळले जातात. ज्या संगीताचा श्रोतृवर्ग मुळातच लहान आहे, त्यात अशा यादीवर बरेच काही अवलंबून असते. यादीत आलेल्या नावाला पुढल्या हंगामात महोत्सवाचे बोलावणे येते, शिष्यवृत्तीच्या अर्जाला वजन येते, आणि परदेशी वादकाला अमेरिकेच्या व्हिसासाठी छापील दाखले जोडता येतात.

स्लग्जच्या ध्वनिमुद्रणाचे मोठेपण मात्र आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ते नाकारून मांडलेला युक्तिवाद खोटा ठरेल. टायनर १९६५ च्या अखेरीस सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीतून बाहेर पडले होते. ज्या चौकडीने जॅझचे वळणच बदलले तिच्यात पाच वर्षे वाजवून आलेला हा माणूस पुढल्याच वर्षी एका गजबजलेल्या बारमध्ये बसून वाजवतो आहे. ‘इन अँड आउट’ ही हेंडरसन यांची रचना सव्वीस मिनिटांवर चालते. टायनर डाव्या हाताने तळाचे जोडसूर घण घालावा तसे आपटतात, आणि त्यांची गुंज विरण्याच्या आत उजवा हात वरच्या पट्टीत धावत सुटतो. हेंडरसन चार-पाच सुरांचा एक तुकडा धरतात, तो उलटा करतात, मध्येच तोडतात, पुन्हा जोडतात. आणि ड्रम्सवर बसलेले तेवीस-चोवीस वर्षांचे जॅक डिजॉनेट त्यांना क्षणभरही निवांत बसू देत नाहीत. ही फीत इतकी वर्षे डिजॉनेट यांनीच जपून ठेवली होती. तिसऱ्यांदा ऐकतानाही माझ्या अंगावर काटा आला, आणि म्हणूनच मी ती डिसेंबरात मित्राच्या घरी घेऊन गेलो.

चौकडीतला चौथा माणूस म्हणजे डबल बास वाजवणारे हेन्री ग्राइम्स. या वादनानंतर थोड्याच काळात ते न्यूयॉर्क सोडून पश्चिमेकडे गेले. त्यांचे वाद्य प्रवासात खराब झाले, दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून ते विकावे लागले. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ ग्राइम्स लॉस एंजेलिसमध्ये एका खोलीत राहिले, मिळेल ते कष्टाचे काम करत राहिले, आणि जॅझच्या जगाने ते वारले असावेत असे धरून टाकले. २००२ साली एका चाहत्याने चिकाटीने शोध घेऊन त्यांना गाठले, तेव्हा त्यांच्याकडे वाद्यच नव्हते. विल्यम पार्कर या बासवादकाने न्यूयॉर्कहून आपला एक बास त्यांना पाठवला आणि २००३ मध्ये ग्राइम्स पुन्हा रंगमंचावर आले. पुढची अनेक वर्षे ते वाजवत राहिले, आणि एप्रिल २०२० मध्ये, टायनर गेल्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, गेले. त्या परतलेल्या वर्षांत त्यांनी जे वाजवले ते आपल्यापैकी किती जणांनी मुद्दाम शोधून ऐकले? आज त्यांचा १९६६ चा बास ‘वर्षातला नवा’ म्हणून डोक्यावर घेताना मला ती तीस वर्षे आठवतात, आणि मग ‘नवा’ हा शब्द सहज उच्चारता येत नाही.

ही एकट्या २०२४ ची गोष्ट नाही. २०१८ च्या जूनमध्ये कोल्ट्रेन यांची ‘बोथ डिरेक्शन्स ॲट वन्स’ आली. न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत ६ मार्च १९६३ रोजी मुद्रित झालेले हे वादन हरवले असे सगळे समजत होते. त्याची प्रत कोल्ट्रेन यांच्या पहिल्या पत्नीच्या कुटुंबीयांकडे राहिली होती. अमेरिकेतल्या सर्व प्रकारच्या संगीताच्या मुख्य विक्रीयादीत ती एकविसाव्या क्रमांकावर पोहोचली, आणि हयातीत कोल्ट्रेन यांना इतका वरचा क्रमांक कधी मिळाला नव्हता. तिथपासून हा रतीबच लागला. २०२० मध्ये पियानोवादक थेलोनियस मंक यांची १९६८ ची मैफल आली, २०२१ मध्ये कोल्ट्रेन यांचे १९६५ चे सिअॅटलमधले वादन, २०२३ मध्ये त्यांचेच एरिक डॉल्फींसोबतचे न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट या क्लबमधले १९६१ चे वादन. २०२४ मध्ये तर आर्ट टेटम यांचे १९५३ चे, सॉनी रॉलिन्स यांचे १९५९ चे, माइल्स डेव्हिस यांचे १९६३-६४ चे आणि ॲलिस कोल्ट्रेन यांचे १९७१ चे वादन वर्षभरात एकामागून एक येत गेले.

यामागे हिशेबही आहे आणि तो समजून घ्यायला हवा. जुन्या फितीचा मुद्रणखर्च साठ वर्षांपूर्वीच झालेला असतो. ज्याच्या वेष्टनावर टायनर किंवा मंक हे नाव आहे त्याची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. शिवाय एलपी तबकड्यांची मागणी पुन्हा वाढली आहे. २००८ साली सुरू झालेल्या रेकॉर्ड स्टोअर डे या तबकड्यांच्या दुकानांच्या वार्षिक दिवसाने तिला जोर दिला, आणि २०२० मध्ये अमेरिकेत एलपींच्या विक्रीतून आलेली रक्कम १९८६ नंतर पहिल्यांदाच सीडींच्या पुढे गेली. जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनात दोन तबकड्या, जुनी छायाचित्रे आणि वीस-तीस पानांची पुस्तिका असा ऐवज ज्यांच्या हातात आहे त्या संग्राहकाला तो हवाहवासा वाटणारच, मलाही वाटतो. याउलट आज वाजवणाऱ्याची बहुतेक ऐकणूक स्ट्रीमिंगवर होते आणि तिथले नियम या संगीताला मुळीच मानवत नाहीत. तीस सेकंद ऐकले की एक ऐकणे मोजले जाते; मग रचना दोन मिनिटांची असो की जेफ पार्कर यांच्यासारखी वीस मिनिटांच्या पुढची, मोबदला एकाच ऐकण्याचा. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असा नियम केला की ज्या रचनेला आधीच्या बारा महिन्यांत हजार ऐकणी मिळालेली नाहीत तिला काहीच मिळणार नाही. अशा स्थितीत वर्षअखेरच्या दहा नावांच्या यादीतली एक जागा हातून जाणे नवख्या वादकाला किती महाग पडत असेल याचा विचार यादी करणाऱ्याने केला पाहिजे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा घेतला जातो की जुने अधिक चांगले असेल तर ते वर का असू नये. गुणवत्तेला जन्मसाल विचारू नये. आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण जुने आपल्याला इतके चांगले का वाटते, हे तपासून पाहिले पाहिजे. टायनर यांच्या हाताचा तो घणाघात समजायला आपल्या कानांना साठ वर्षे मिळाली आहेत. त्यांच्यानंतरच्या तीन पिढ्यांनी तो उचलला, गिरवला, शिकवला. आपण पहिल्यांदा जॅझ ऐकायला बसलो तेव्हा तो आपल्या आसपास आधीच भरून राहिलेला होता. त्यामुळे १९६६ ची फीत उघडताच आपण ओळखीच्या घरात शिरतो. २०२४ च्या वादनाला असे काहीही मिळालेले नसते. ते ऐकताना कुठे थांबायचे, काय धरून ठेवायचे, कशाची वाट पाहायची हे आपल्याला स्वतः ठरवावे लागते, आणि पहिल्या दोन-तीन वेळा बहुधा चुकतेच. गुणवत्तेची तुलना म्हणून आपण जी करतो तिच्यात ओळखीची गोडी किती आणि गुण किती, हे वेगळे काढणे फार अवघड आहे. आपल्याकडच्या रागसंगीताच्या श्रोत्यांना हे नव्याने सांगायला नको. भीमसेन, कुमार, किशोरीताई यांच्या ध्वनिमुद्रणांवर तासन्‌तास बोलणारे आपण, तिशीतल्या गायकाच्या मैफलीला मात्र ‘बघू, जमलं तर’ म्हणतो. आणि मग गाणे पूर्वीसारखे राहिले नाही असा निकालही देतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड जातो, कारण त्यात न्यायाचा प्रश्न आहे. ॲलिस कोल्ट्रेन यांनी २१ फेब्रुवारी १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफल केली. ती स्वामी सच्चिदानंद यांच्या योगसंस्थेच्या मदतीसाठी होती. मंचावर ॲलिस हार्प आणि पियानोवर, फॅरो सँडर्स आणि आर्ची शेप सॅक्सोफोनवर, दोन बास, दोन ड्रम्स, आणि त्यांच्या जोडीला तंबोरा आणि हार्मोनियम. ही संपूर्ण मैफल इम्पल्स कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये प्रथमच रीतसर प्रसिद्ध केली. ॲलिस यांना त्यांच्या हयातीत कोल्ट्रेन यांची विधवा म्हणूनच अधिक ओळखले गेले; टायनर चौकडी सोडून गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या पियानोवादक म्हणूनही त्यांनी टोमणे सोसले. जिला तिच्या काळाने मोजलेच नाही, तिला आजच्या यादीत तरी अग्रस्थान मिळाले तर बिघडले कुठे?

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे की १९७१ ने जी चूक केली ती १९७१ च्या हिशेबात दुरुस्त झाली पाहिजे. त्या दशकाचा इतिहास पुन्हा लिहावा, त्या वर्षाची थोर वादने मोजताना ही मैफल वर न्यावी, पाठ्यक्रमांत तिला जागा द्यावी. तिला २०२४ च्या यादीत बसवले तर इतिहासाची चूक तशीच राहते, आणि वर आजच्या एखाद्या ॲलिसची जागा जाते. हे मी अलंकाराने म्हणत नाही. त्याच इम्पल्स कंपनीने पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२४ मध्ये, लंडनच्या शबाका यांची ध्वनिमुद्रिका काढली. तरुण पिढीतला सर्वांत दणकट सॅक्सोफोन म्हणून ज्यांचे नाव झाले त्या शबाका यांनी २०२३ संपता संपता सॅक्सोफोन खाली ठेवला आणि शाकुहाची ही जपानी बांबूची बासरी व इतर बासऱ्या हाती घेतल्या. मुद्रण झाले व्हॅन गेल्डर स्टुडिओतच, ज्या खोलीत कोल्ट्रेन यांनी डिसेंबर १९६४ मध्ये आपले सर्वांत प्रसिद्ध वादन केले होते. आणि या ध्वनिमुद्रिकेत ब्रँडी यंगर आणि चार्ल्स ओव्हर्टन यांची हार्प आहे, जी ॲलिस यांच्याशिवाय जॅझमध्ये या जागी पोहोचलीच नसती. शबाका यांच्या बासरीत सूर लागण्याआधीची फुंकर ऐकू येते. कधी ती सुरापेक्षा मोठी असते. चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःचे नाव ज्या वाद्यावर उभे आहे ते सोडून देणाऱ्या माणसाची ती फुंकर आहे. ॲलिस यांच्याबद्दल ज्यांना खरी आस्था आहे त्यांनी त्यांची मैफल जरूर ऐकावी, परंतु २०२४ ची यादी करताना या फुंकरीला पुढे बसवावे.

सीमारेषेवरची उदाहरणे असणारच. पार्कर यांचे वादनही प्रसिद्ध होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे जुने झालेले होते. सॉनी रॉलिन्स यांच्या १९५९ च्या युरोप दौऱ्याचा संच २०२४ मध्ये त्यांच्या हयातीत, त्यांच्याच संमतीने निघाला. मग तो नवा मानायचा का? माझी कसोटी साधी आहे: हे वादन त्या कलावंताच्या आजच्या कामाचा भाग आहे का? पार्कर यांच्या बाबतीत ते आहे. अनेक वर्षे सोमवारी रात्री त्या बारमध्ये जे शोधले जात होते तेच या तबकड्यांवर आहे, आणि तेच ते आजही पुढे नेत आहेत. रॉलिन्स यांनी १९५९ नंतर दोन वर्षे मैफली थांबवून विल्यम्सबर्ग पुलावर एकट्याने रियाज केला, १९६८ मध्ये ते आपल्या पवईच्या आश्रमात येऊन काही महिने राहिले, १९७८ मध्ये मुंबईच्या जॅझ यात्रा या महोत्सवात, त्याच्या पहिल्याच वर्षी, वाजवून गेले, आणि फुप्फुसाच्या आजारामुळे २०१२ नंतर त्यांचे जाहीर वादन थांबले. एवढ्या प्रवासाच्या आधीचा तो संच आहे. तो अमोल आहे, पण जुना आहे, आणि त्याला जुना म्हटल्याने रॉलिन्स यांचे काही उणे होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या सापडलेल्या फिती सापडल्या कशा, हे पाहावे. मंक यांची १९६८ ची मैफल कॅलिफोर्नियातल्या पालो ऑल्टो गावच्या शाळेत झाली. डॅनी शर नावाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने ती ठरवली, तिकिटे विकली, आणि शाळेत साफसफाई करणाऱ्या कर्मचाऱ्याने पियानो लावून देण्याच्या बदल्यात ती टेपवर घ्यायची परवानगी मागितली. त्या कर्मचाऱ्याचे नावही आज कोणाला माहीत नाही. व्हिलेज गेटमधले वादन रिच ऑल्डरसन या ध्वनितंत्रज्ञाने तिथली नवी यंत्रणा तपासण्यासाठी एकच मायक्रोफोन टांगून टिपले, आणि ती फीत पुढे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली. स्लग्जची डिजॉनेट यांनी सांभाळली. म्हणजे प्रत्येक वेळी त्या काळातल्या कोणाला तरी त्या काळातले वादन मोलाचे वाटले होते. कोणीतरी त्या रात्री तिथे होता, त्याने बटण दाबले, आणि नंतर ती फीत फेकून दिली नाही. आज जे आपण ऐकत नाही, विकत घेत नाही, ज्याच्या मैफलीला जात नाही, त्याचे असे काही उरणार नाही. जुन्या फितींवर ज्यांचे मनापासून प्रेम आहे त्यांनी तर आजच्या वादकांच्या बाजूने सर्वांत आधी उभे राहिले पाहिजे.

मुंबईने याची किंमत मोजली आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक येऊन वाजवत, आणि गोव्याहून आलेल्या वादकांनी ते संगीत ऐकून, शिकून स्वतःचे केले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणून ओळखत, हे त्यांतले सर्वांत तेजस्वी नाव. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तल्या ट्रंपेटमुळे त्यांच्या सुराची झलक घरोघरी पोहोचली. परंतु रात्री उशिरा, नाचणारी मंडळी निघून गेल्यावर हे वादक आपसांत जे वाजवत असतील त्यातले फार थोडे मुद्रित झाले. पोर्तुगीज गोव्यातल्या गावच्या चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेली, मुंबईत लष्करी बँड, हॉटेल आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी पोट भरणारी एक अख्खी पिढी अशी निघून गेली. धोबी तलावच्या रंगभवनात निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॅझ यात्रा भरवली तेव्हा त्या पिढीतले काही जण अजून होते. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनही गप्प झाले. चिक चॉकलेट यांची पन्नास वर्षांनी सापडणारी एखादी अप्रतिम फीत येईल, अशी आशा मी धरत नाही, कारण ती करायला हवी होती तेव्हा कोणी केली नाही.

२०२४ मध्ये हयातांनी काय केले, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर यादी हयातांची असावी म्हणणे पोकळ राहील. माझ्या यादीत पहिली आहे पॅट्रिशिया ब्रेनन यांची ‘ब्रेकिंग स्ट्रेच’, आणि फ्रान्सिस डेव्हिस यांच्या मतमोजणीतही तीच पहिली आली याचा मला आनंद आहे. ब्रेनन मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरातल्या. व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य त्या चार काठ्यांनी वाजवतात, आणि कधी विजेच्या उपकरणातून त्याचा सूर असा वाकवतात की पितळी ताट पाण्यात बुडवताना त्याचा नाद जसा खाली सरकतो तसे वाटते. सोबत तीन फुंकवाद्ये, बास, ड्रम्स आणि मॉरिसिओ हेरेरा यांची कॅरिबियन वळणाची तालवाद्ये. पहिल्यांदा ऐकताना ठेका कुठे पडतो आहे हेच मला कळेना. सम शोधत मी मांडीवर बोटे मोजत बसलो आणि दर वेळी अर्ध्या मात्रेने चुकत गेलो. चौथ्या वेळी लक्षात आले की दोन निरनिराळी आवर्तने एकमेकांवर रचलेली आहेत आणि ती जिथे भेटतात ती जागा ब्रेनन मुद्दाम काठी न मारता मोकळी सोडतात. हे कळल्याचा आनंद मला कोणत्याही सापडलेल्या फितीने दिला नसता, कारण तिथे तो शोध माझ्या आधी हजारोंनी लावलेला असतो. या सात जणांच्या ताफ्यात ड्रम्सवर मार्कस गिलमोर आहेत, चार्ली पार्कर यांच्यासोबत वाजवलेल्या रॉय हेन्स यांचे नातू. हेन्स यांची शताब्दी अवघ्या चार महिन्यांवर आली असताना १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ते गेले. त्यांचा हात कसा चालत असे हे जुन्या तबकड्यांतून कळतेच. पण तो हात नातवाच्या हातात आज काय होऊन बसला आहे हे कळायला ‘ब्रेकिंग स्ट्रेच’ ऐकावी लागते.

इमॅन्युएल विल्किन्स या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या सॅक्सोफोनवादकाची ‘ब्लूज ब्लड’ सोपी नाही. १९६४ मध्ये हार्लेममध्ये पोलिसांच्या मारहाणीत जखमी झालेल्या डॅनियल हॅम या कृष्णवर्णीय मुलाच्या तोंडून, मुकामार दाखवण्यासाठी रक्त काढावे लागल्याचे सांगताना, ‘ब्रूज’ (मुकामार) ऐवजी चुकून ‘ब्लूज’ असा शब्द निघाला. ध्वनिमुद्रिकेचे नाव त्या शब्दावरून आहे. विल्किन्स यांनी या दुखण्याभोवती चार गायक-गायिकांचे आवाज उभे केले आहेत, आणि त्यांत तमिळनाडूत वाढलेल्या गणव्या यांचा आवाज जेव्हा हळूच खालच्या पट्टीतून वर चढतो तेव्हा दोन दूरच्या परंपरा एका दुःखाशेजारी बसलेल्या दिसतात. विजय अय्यर, लिंडा मे हान ओह आणि टायशॉन सोरी यांची ‘कम्पॅशन’ इतक्या एकजीवपणे वाजली आहे की कोण साथ करतो आणि कोण पुढे आहे हे विचारावेसे वाटत नाही. आणि हयातांची यादी म्हणजे तरुणांची यादी, असा कोणाचा समज होऊ नये म्हणून सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांच्या दुहेरी अल्बमचे नाव घेतो. तो त्यांच्या शहाऐंशीव्या वाढदिवशी, १५ मार्च २०२४ रोजी, आला. लॉइड एखादा सूर लावतात तो जवळजवळ कुजबुजीसारखा, आणि पुढचा सूर येण्याआधी जेसन मोरन यांचा पियानो वाट पाहतो. याच लॉइड यांनी झाकीरभाईंसोबत ‘संगम’ या त्रयीत वर्षानुवर्षे वाजवले. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन गेले. माहीमच्या त्या तबल्याच्याही आता फितीच उरल्या आहेत, आणि त्या यापुढे अनेक वर्षे निघत राहतील. त्या मी ऐकेनच.

आमच्या गटाने गेल्या आठवड्यात फोनवर बोलून शिरस्ता बदलला आहे. या डिसेंबरात दोन फेऱ्या होतील. पहिल्या फेरीत फक्त या वर्षी हयात आणि वाजवत असलेल्यांचे, तेही संध्याकाळी सहाला, कान ताजे असताना. आणि सुरुवात त्या मुलाने आणलेल्या तबकडीने. मग चहा आणि कांदेपोहे. ज्यांना थांबायचे असेल त्यांच्यासाठी त्यानंतर दुसरी फेरी, तिच्यात कोणतेही साल चालेल. स्लग्जची दुसरी बाजू अजून कोणी ऐकलेली नाही. ती मी पिशवीत घालून नेणार आहे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणार आहे.